करपलेल्या दोन ओळी

१९९१ साली इंदूने नवऱ्याला न सांगता पंपात विषाऐवजी गवती चहाचं तेल आणि पाणी ओतून वांगी फवारली. आदल्या वर्षी विष फवारतानाच तो तोंडाला फेस येऊन कोसळला होता.

तिसऱ्या दिवशी शेवटच्या दोन ओळी करपल्या. "अळी अत्तराने मरते होय?" म्हणत नवऱ्याने विषाचा डबा उचलला.

सासूबाई आडव्या आल्या. "आमटीवर तवंग येतो, तसं तेल वर राहिलं आणि शेवटच्या ओळींवर नुसतं तेलच पडलं. रिठ्याच्या पाण्यात घुसळायचं असतं, सूनबाई. आणि तू रे, आधी माझ्यावर फवार!"

त्याने डबा खाली ठेवला.

सासूबाई नव्वदी गाठून गेल्या. नवरा नातवंडं खेळवतो. शेजारच्या रानातून औषधाचा वास आला, की इंदू अजून त्याला हाक मारते आणि तो 'ओ' देईपर्यंत श्वास रोखून उभी राहते.