आईची बाटली

जगाच्या विहिरींचं पाणी तपासून ती पगार घ्यायची. माहेरून निघताना आई दर खेपेला बाटली हातात कोंबायची. "पाणी खारट लागतंय गं. बघ ना जरा."

"पाणी नाही आई, तुझी जीभ म्हातारी झालीय!"

सगळं घर हसायचं. आईसुद्धा.

मूत्रपिंडं निकामी होऊन आई गेली. कामावर परतल्या दिवशी तिनं प्रयोगशाळेच्या कपाटात धूळ खात पडलेली शेवटची बाटली काढली. तपासणीचं रसायन घालून पिवळं झालेलं पाणी लाल होईपर्यंत एकेक थेंब मोजला. क्लोराइड, म्हणजे खारटपणा, मर्यादेच्या चौपट.

अहवालावर सही करताना साहेब थबकले. "बाई, नमुना आठ महिन्यांपूर्वी आलाय. इतके दिवस पडून का राहिला?"

"आईचा होता, साहेब."