झाकून ठेवलेली गाडी

अमळनेरच्या कापूस व्यापारी भूपेंद्रने हायब्रीड गाडी घेतली आणि जपायची म्हणून अंगणात कव्हर घालून ठेवली. रोजची कामं तो मोटरसायकलवरच करायचा, गाडी निघायची ती फक्त लग्नाकार्याला. बायको सुलक्षणाने क्लास लावून लायसन्स काढलं होतं. पण तिने गाडी मागितली की हा म्हणायचा, "गाडी म्हणजे काय लाटणं आहे, कोणीही उचलायला?"

आज धुळ्याला भाच्याचा साखरपुडा होता. कडक इस्त्रीचे कपडे घालून, अत्तर लावून भूपेंद्र गाडीत बसला आणि त्याने बटण दाबलं. गाडी ढिम्म. शेवटी कोपऱ्यावरच्या गॅरेजमधून तौफिकला बोलावलं.

"बॅटरी उतरली, भाऊ," तौफिक म्हणाला. "गाडी उभी असली तरी आतलं काही ना काही बॅटरी खातच राहतं. महिना महिना हलवली नाही की असंच होणार."

"मला नको शिकवू," भूपेंद्र उखडला. "मागच्या दिवाळीपासून मोजून तीनदा बाहेर काढली असेल. तेव्हा दर वेळी एका झटक्यात कशी चालू झाली?"

तौफिक पुन्हा बॅटरी तपासू लागला. ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसलेल्या वच्छलाबाईंनी मान वर न करताच लेकाला सांगितलं,


"सुलक्षणा महिनाभर माहेरले गयी शे ना. तवयपासून माले बी भजनले पायीच जानं पडस."