सहा घरांची एक तार

प्रेअरीच्या गवताळ मैदानावरच्या शेताशेतांत टेलिफोनच्या तारा नेणारे मुख्यमंत्री थॉर्बर्न राजधानीतून घरी फोन करत तेव्हा तारेवरच्या सहाही घरांत घंटा वाजे. दोन लांब, एक आखूड घंटा म्हणजे फोन त्यांच्या बायकोला, एफीला. पण शेजारणीही चोरून ऐकायला फोन कानाला लावत. आज एफी रुबार्बच्या आंबट देठांचा मुरंबा ढवळत होती. “बायकांच्या मताधिकाराचं विधेयक यंदा नको. आमदार कुरकुरतायत,” ते म्हणाले. “कुणाला सांगू नकोस.” एफीनं डाव खाली ठेवला. “नाही सांगत.” इतक्यात तारेवरून शेजारच्या मिसेस गुन्नार्सन खाकरल्या. “साहेब, मागच्या निवडणुकीत नवऱ्याचं मत मीच तुमच्याकडे वळवलं. आता उलटं वळवू?” “मीपण वळवते,” दुसरी म्हणाली. थॉर्बर्न हसले. “बरं बायांनो, सोमवारी मांडतो. आता ठेवा फोन.” कुणीच ठेवला नाही. “बघा हं,” एफी म्हणाली, “मी कुणाला काही सांगितलं नाही.”