अवो, जेवाया चला

ऐंशी सालच्या उन्हाळ्यात पळसदरीच्या बंद भातगिरणीत एका स्वस्तातल्या सिनेमाचं शूटिंग चाललं होतं. त्यातला डॉक्टर रक्ताच्या एका थेंबातून माणसाची हुबेहूब माणसं बनवतो. त्यासाठी गावातल्या मोरूला घेतलं होतं आणि बाकीच्या पाच गड्यांसाठी त्याच्याच चेहऱ्याचे रबरी मुखवटे करायचं ठरलं होतं.

दुपारी मोरूची बायको सोनुबाई भाकरी घेऊन आली. आत पांढऱ्या डगल्यांतले सहा मोरू ओळीने उभे. नवऱ्याचं नाव तर घ्यायचं नाही. तिने हाक मारली, "अवो, जेवाया चला."

सहाही माना वळल्या.

सोनुबाई पदराआड हसली. हाक घरोघरची एकच, गडी तरी काय करणार? तिने फडकं सोडलं. "सुकट हाय."

सहाही जणांनी उजवा तळवा मांडीला पुसला. मोरू पुसतो तसाच, दोनदा.

हे यांना कुणी शिकवलं असेल?

मेकअपवाला हरी हातातलं ताट सांभाळत, खालमानेने मागून आला. ती म्हणाली, "मुखवटं लई झ्याक केलंस रं."

"अजून घातलेत कुठे, वहिनी?" हरी म्हणाला. ताटात पाचही मुखवटे ओलेच होते.

तोवर सहाही जण मांडी घालून बसले होते.

"वाढ गं, सोने," सगळे एकदम म्हणाले.