तटस्थ

कॅन्ससमधल्या एका छोट्या गावच्या पेपरात एल्ड्रेड हॉग राजकारणाच्या बातम्या द्यायचा. आपली बाजू कुणाला कळू नये म्हणून त्यानं जन्मात कधी मत दिलं नव्हतं.

गावचं इस्पितळ चालू ठेवायला जादा कर भरायचा का, यावर मतदान होतं. बायको लोर्ना म्हणाली, "आज तरी जाऊन ये रे!"

"बातमी मलाच लिहायचीय गं," तो हसला.

दोन्हीकडे सारखीच मतं पडली. ठराव बारगळला, इस्पितळाला कुलूप लागलं.

त्याच हिवाळ्यात लोर्नाच्या छातीत कळ आली. अँब्युलन्स दूरच्या शहराकडे निघाली. ग्लानीतच लोर्नानं खिडकीबाहेर पाहिलं. तिचे ते शेवटचे शब्द एल्ड्रेडला आजही ऐकू येतात.



"अरे, इस्पितळ मागे राहिलं ना! हे थांबत का नाहीत?"