दोन बोटं आणखी खाली

"मोठी चाकं टाकली तर बैलगाडी दिसंल, मालक." बद्रीनाथ मिस्त्रीने लाल गाडीभोवती एक चक्कर मारली. "हिला लहान, रुंद चाक पाहिजे. टायर पातळ. म्हंजे जमिनीला चिकटून पळंल."

साहेबराव खूश झाला. सगळ्या जालन्यात अशी दोन सीटची बसकी गाडी दुसरी नव्हती. पुण्याच्या कुणा शौकिनाकडून त्याने ती आणली होती, पण तेवढ्याने त्याचं समाधान थोडंच होणार? हौसेला मोल नसतं म्हणतात. साहेबरावाच्या हौसेला अक्कलही नव्हती.

"अन् स्प्रिंगा?"

"ह्या काढून टाकू. आखूड अन् कडक घालू. शॉकअप बी त्याच मापाचे. वळणावर गाडी हलणार न्हाई बिलकुल."

"खाली किती येईल?"

बद्रीनाथने चार बोटं आडवी धरून दाखवली. "रोजचा रस्ता कोणता तुमचा?"

"राजूर रोड. जिनिंगवर जावं लागतं ना. आता डांबर झकास केलंय. मधल्या वस्तीवाल्यांनी उगंच एक ब्रेकर घालून ठेवलाय, पण जीपमधी मला कळत बी न्हाई."

"न्हाईच कळायचा," बद्रीनाथ म्हणाला आणि त्याने पाना उचलला.

त्या वस्तीवर, ब्रेकरसमोरच्याच घरात, दुर्गाबाई राहत होती. बद्रीनाथची सख्खी बहीण. साहेबरावाला हे ठाऊक नव्हतं. मामाचं आडनाव भाचीला लागत नाही आणि कोर्टाच्या कागदावर नाव होतं ते भाचीचं. बेबीनंदा, वय सात.

तीन वर्षांपूर्वी, शहाण्णवच्या वैशाखात, साहेबरावाच्या जीपने भर दुपारी तिला उडवलं. वस्ती सगळी रोजगार हमीच्या कामावर गेलेली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. लांबच्या बांधावरून एका म्हाताऱ्याने पाहिलं. जीप हळू झाली, साहेबरावाने मान वळवून मागे बघितलं आणि जीप निघून गेली. पोर तासभर तशीच पडून होती, जिवंत. वेळेवर आणली असती तर वाचली असती, असं डॉक्टर दुर्गाबाईला तोंडावर म्हणाले.

कोर्टात म्हाताऱ्याची नजर अधू ठरली आणि साहेबराव सुटला. बाहेर त्याने पेढे वाटले. एक पेढा कुणीतरी दुर्गाबाईपुढेही धरला. बद्रीनाथ तेव्हा औरंगाबादला कामाला होता. ती पेढ्याची गोष्ट ऐकल्यापासून त्याला गोड म्हणून जात नव्हतं.

गेल्या भाऊबिजेला दुर्गाबाईने त्याला ओवाळलं, पण ओवाळणीच्या साडीला हात लावला नाही.

"मला तो पाहिजे," ती म्हणाली. "माझ्या दारापुढं. जिथं ती पडल्ती, तिथंच."

"दिला," बद्रीनाथ म्हणाला.

बहिणीच्या ताटात टाकलेला शब्द भावाला परत घेता येत नाही. आणि आता सावज आपल्या पायांनी गॅरेजात आलं होतं.

पाचव्या दिवशी प्रभावती नवऱ्याचा डबा घेऊन आली. बद्रीनाथ गाडीखाली उताणा पडलेला होता. तिने आधी गॅरेजचं दार लोटून घेतलं.

"ब्रेकला हात लावला का तुम्ही?"

"लावला. नवे टाकले."

"खरं सांगा. आपल्याला लेकरं हायेत. फाशी जाताल."

"एक नट ढिला सापडला तर माझं नाव बदल."

"मंग काय करून राह्यले?"

बद्रीनाथने गाडीच्या पोटाखाली हाताची वीत धरून पाहिली आणि गाडी आणखी दोन बोटं खाली घेतली. प्रभावती डबा ठेवून निघून गेली.

साहेबरावाने मोंढ्यापर्यंत एक फेरी मारली आणि परत येऊन मिस्त्रीच्या पाठीवर थाप दिली. "तुझ्या हातात सोन्याचं कडं घालतो बघ!"

"कडं नको, मालक. उद्या चतुर्थी हाय. राजूरच्या गणपतीपुढं नारळ फोडा. जत्रेएवढी माणसं असतात. सगळे बघतील गाडी."

"बराबर बोललास!"

दुसऱ्या दिवशी बद्रीनाथ पहिल्या एस.टी.ने वस्तीवर गेला आणि बहिणीच्या ओट्यावर बसून राहिला. वस्ती सगळी घरी होती. नऊच्या सुमाराला लांबून लाल ठिपका दिसला आणि बघता बघता मोठा झाला. इतकी वर्षं मनात धरलेलं आता समोरून येत होतं, आणि बद्रीनाथला साहेबरावाची जराही दया येत नव्हती.

ब्रेक दाबल्याचा आवाज आला. नव्या ब्रेकने वेग बरोबर मारला. पुढची चाकं ब्रेकरवरून पलीकडे उतरली आणि खर्रकन् आवाज होऊन गाडीचं पोट मधेच टेकलं. मागची चाकं जागच्या जागी फिरत राहिली. गाडी पुढे जाईना, मागे येईना.

साहेबराव खाली उतरला. त्याच्या अंगावर ओरखडाही नव्हता. पांढरा शर्ट जसाच्या तसा होता. त्याने वाकून गाडीखाली बघितलं, मग ओट्यावरच्या बद्रीनाथकडे बघितलं. "मिस्त्री? तू इथं कसा?"

दोन्ही बाजूंनी बाया-माणसं रस्त्यापर्यंत आली होती. पन्नास तरी असतील.

"अरे, बघता काय नुसते?" साहेबराव हसत म्हणाला. "हलकी गाडी हाय. चार जण या अन् उचला जरा."

कुणी हललं नाही. साहेबरावाचं हसू ओसरलं. त्याने एकेकाच्या तोंडाकडे बघितलं, मग हात जोडले. "अहो, उचला ना कुणीतरी."

दुर्गाबाई ओटा उतरून त्याच्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

"माझ्या पोरीला उचलाया चार जण लागत नव्हते," ती म्हणाली. "तू एकटा बास होतास."