मनगटातून

"हिचे केस कुणी कापले?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

धाकटीनं आईकडे बोट केलं. "आमचं घरगुती सलून. कापडाची कात्री, आरसा बघायला बंदी."

एका बाजूला कानापर्यंत, दुसऱ्या बाजूला उंदरानं कुरतडल्यासारखे. कमरेपर्यंतच्या वेणीची ही दशा!

"इथं वस्तरा फिरवतात ना," आई पुटपुटली. "म्हटलं, निदान आपल्या हातानं."

थोरल्या लेकीच्या वेळी फिरवला होता. तिच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा आला होता आणि तो फुटल्यावरच सगळ्यांना कळला. कवटी उघडूनही ती वाचली नाही. अर्धं डोकं भादरलेलं, तशीच घरी आली. म्हणून मग धाकटीचंही डोकं तपासलं. तिच्याही डोक्यात तसाच फुगा निघाला. अजून न फुटलेला.

"अहो, हिच्या डोक्याला आम्ही हातसुद्धा लावणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मनगटातून बारीक नळी घालायची, आतल्या आत वर न्यायची आणि फुग्यात प्लॅटिनमची तार भरायची. झालं."

"आई!" धाकटी किंचाळली. "धन्य आहेस बाई तू!"

बाबासुद्धा हसले. आई तेवढी हसली नाही.

स्ट्रेचर ऑपरेशन थिएटरच्या दाराशी पोचलं, तशी धाकटीची बडबड थांबली. तिनं आईचा हात घट्ट धरला.

"मी उठेन ना गं?"

"न उठायला काय झालं? लोळत पडायचं वय आहे का तुझं?" आई म्हणाली. दार मिटल्यावर मात्र ती फटीला डोळा लावून तिथंच उभी राहिली.

धाकटी उठली. उठल्या उठल्या म्हणाली, "भूक लागलीये." बाबा डोळे पुसत बाहेर गेले.

"फुगा बंद झालाय," डॉक्टरीणबाईंनी सांगितलं.

आईनं लेकीचं मनगट उलटं करून पाहिलं. पारदर्शक पट्टीखाली लाल ठिपका होता. डास चावल्यावर उठतो, तेवढा.

"एवढंसंच?"

"एवढंसंच. फुटायच्या आधी सापडला ना."

"आणि सापडला कुणामुळे?"

डॉक्टरीणबाईंनी पट्टीची कड हलकेच दाबून बसवली.

"आई, मी आता घरातली सगळ्यात महागडी वस्तू आहे," धाकटी जड जिभेनं म्हणाली. "डोक्यात प्लॅटिनम! जपून वापर हं मला."

आई खुदकन हसली. आणि थोरली झोपलेली असली की दार जसं हलकेच लोटायची, तसे तिनं ओठ मिटून घेतले.